पांथस्थ, पाहुणा आणि गिऱ्हाईक

आपल्या दाराशी येणाऱ्या परक्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. अतिथी, अभ्यागत, पाहुणा, वाटसरू, पांथस्थ. प्रत्येकाची छटा निराळी. दुकानाच्या पायरीवर येतो तो मात्र गिऱ्हाईक. हॉटेलात उतरणारा माणूस या दोहोंपैकी कोणत्या कुळातला, याचा निवाडा आपल्या भाषेने अद्याप केलेला नाही, आणि म्हणूनच हॉटेलवाल्यांनी इंग्रजीतला ‘गेस्ट’ जशाचा तसा उचललेला दिसतो. तो पैसे मोजतो, म्हणून गिऱ्हाईक. आपल्या छपराखाली जेवतो आणि निर्धास्तपणे झोपतो, म्हणून पाहुणा. या धंद्यात उत्तम सेवा कशी करावी हे शिकणे म्हणजे या दुहेरी नात्याचा उलगडा करणे होय. हा इतिहास बहुधा स्वयंपाकघराच्या अंगाने सांगितला जातो. माझा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे मी तो दरवाज्यापासून सांगणार आहे: दार कोण उघडतो, कोणासाठी उघडतो, आणि उघडण्यापूर्वी काय विचारतो.

गोमंतकातील देवस्थानांशी ज्यांचे नाते आहे त्यांना अग्रशाळेचे वर्णन करून सांगावयास नको. देवळाच्या प्राकाराला लागून लांबच लांब सोपे, ओळीने खोल्या, जवळच विहीर किंवा तळी, आणि चावीसाठी कचेरीकडे घालावा लागणारा हेलपाटा. या अग्रशाळांचे महत्त्व का वाढले हे समजण्यासाठी सोळाव्या शतकाकडे वळावे लागते. पोर्तुगीज सत्तेने आपल्या मुलखातील देवळे पाडली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ बांदोड्याला आला. अंत्रूज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. देव प्रथम पाहुणे म्हणून आले आणि मग तेथलेच झाले. भक्तांची पांगापांग त्याहून मोठी. कोणी कारवारास गेले, कोणी मंगळुरास, कोणी थेट कोचीस, आणि पुढे मुंबईस. असा परमुलखी स्थिरावलेला कुळावी वर्षा-दोन वर्षांनी कुळदेवाच्या पायाशी येई, तेव्हा मूळ गावात त्याचे घर उरलेले नसे. देवाच्या अंगणातली खोली हेच त्याचे माहेर.

या व्यवस्थेत पाहुणचाराचे शिक्षण कोणी कोणाला देत नसे, कारण त्याची गरजच भासत नसे. कचेरीतला माणूस दोन-तीन प्रश्न विचारी: गाव कोणता, आडनाव काय, कुळदेव कोण? उत्तरे मिळताच नाते ठरे, आणि नाते ठरले की पुढची सेवा आपोआप उलगडत जाई; कोणाला सोवळ्याचे पाणी लागते, कोणाकडे म्हातारी माणसे आहेत म्हणून तळमजल्याची खोली द्यावी, कोणाचा अभिषेक उद्या पहाटे आहे, हे सारे त्या नात्यातच आलेले असे. देवस्थानांच्या कारभाराला पोर्तुगीज अमदानीत १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली लेखी नियमावलीची चौकट मिळाली. महाजन कोण आणि त्यांचे हक्क कोणते, हे कागदावर आले. पण खोलीच्या दाराशी विचारले जाणारे प्रश्न त्याहून जुने होते. त्या प्रश्नांत जिव्हाळा होता, याविषयी मला शंका नाही. मात्र ज्याच्यापाशी त्यांचे योग्य उत्तर नव्हते त्याने काय करावे, याची तजवीज त्यात नव्हती.

या ठिकाणी शास्त्राचा आधार पुढे करण्याची आपल्याला सवय आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना अतिथीला देव मानण्यास सांगतो. या उपदेशाचा अभिमान आपण बाळगतो, आणि आता तो पर्यटन खात्याच्या जाहिरातींतही जाऊन बसला आहे. परंतु स्मृतिकार मनू तिसऱ्या अध्यायात त्याच शब्दाची व्याख्या करू लागतो तेव्हा वर्तुळ आकसते. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय हा अतिथी नव्हे. त्याला ब्राह्मणांनंतर जेवू घालावे. वैश्य आणि शूद्र यांना दयाबुद्धीने सेवकांबरोबर वाढावे. म्हणजे अन्न सर्वांना, पण अतिथीपण सर्वांना नाही. शास्त्राचा एकच भाग वाचून दुसरा झाकून ठेवणे हे न्यायालयात चालत नाही, आणि लेखातही चालू नये.

दानधर्माने हे वर्तुळ काही प्रमाणात रुंदावले. इंदूरकर वाचकांना अहिल्याबाईंचे नाव सांगावयास नको. १७६७ ते १७९५ या कारकिर्दीत त्यांनी स्वतःच्या राज्याबाहेर, हिंदुस्थानच्या चारी दिशांच्या तीर्थांवर धर्मशाळा, घाट आणि अन्नछत्रे उभी केली. प्रवासी कोणत्या संस्थानचा, हा प्रश्न तेथे उरला नाही. तरीही धर्मशाळा ही दात्याची कृपा होती. कृपेवर दावा लावता येत नाही.

दावा लावता येतो तो प्रकार दुसऱ्या देशात, व्यापारी वाटांवर जन्मला. इंग्लंडातील खाणावळवाल्याला, म्हणजे ‘इन’ चालविणाऱ्याला, तेथल्या रूढ कायद्याने दोन जड ओझी दिली होती. पहिले असे की, जागा असेल आणि प्रवासी मोल देण्यास तयार व सभ्यपणे वागणारा असेल, तर त्याला नाकारता येणार नाही. दुसरे असे की, त्याचे सामान आपल्या छपराखाली असेपर्यंत त्याची जोखीम खाणावळवाल्याची. १५८४ सालचा केलीचा खटला या दुसऱ्या नियमाचा आधारस्तंभ मानला जातो. प्रवाशाने आपला घोडा कुरणात चरावयास सोडण्यास सांगितले आणि तेथून तो चोरीस गेला. कुरण हे छपराबाहेरचे, आणि घोडा तेथे गेला तो धन्याच्याच सांगण्यावरून. म्हणून खाणावळवाला सुटला. पण तसे सांगितलेले नसता तर घोड्याची किंमत त्याला भरावी लागली असती, हेही त्याच निर्णयातून स्पष्ट झाले.

पहिल्या नियमाचा एक मासला मला फार उद्बोधक वाटतो. १८३५ साली आयव्हन्स नावाच्या खाणावळवाल्यावर फौजदारी खटला झाला. रविवारच्या रात्री उशिरा एक प्रवासी घोड्यावरून आला. दाराआडून नाव विचारले गेले. ते सांगण्याचे त्याने नाकारले. दार उघडले नाही. न्यायमूर्ती कोलरिज यांनी असे मत दिले की, नाव समजलेच पाहिजे असा आग्रह धरण्याचा अधिकार खाणावळवाल्याला नाही, रात्र फार झाली हे कारण पुरेसे नाही, आणि आलेल्यांतून आपल्या आवडीचे पाहुणे निवडण्याची मुभा त्याला नाही. (आज प्रत्येक हॉटेलात ओळखपत्राची छायाप्रत घेतात ती वेगळ्या कायद्यांमुळे आणि सुरक्षिततेच्या गरजेमुळे, तिच्यामागे निवड करण्याचा हेतू नसतो, निदान नसावा.) अग्रशाळेत प्रश्नाने नाते जुळत होते, तर येथे प्रश्न विचारल्याबद्दल शिक्षा झाली.

अर्थात नियम असला म्हणून तो पाळला जातो असे नव्हे. १९४३ साली वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी लंडनच्या इंपीरियल हॉटेलात आगाऊ जागा ठरविली होती. वर्ण पाहून त्यांना राहू देण्यास नकार देण्यात आला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती बर्केट यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. वंशभेदाविरुद्ध इंग्लंडात तेव्हा स्वतंत्र कायदा नव्हता. कामी आला तो घोड्यावरून येणाऱ्या वाटसरूंचा हाच जुना नियम. भरपाई पाच गिनींची, म्हणजे नाममात्र. पण तत्त्व राखले गेले.

हिंदुस्थानात इंग्रजांनी हा नियम बरोबर आणला का? अर्धाच आणला. १८६७ चा सराई कायदा पाहावा. सराई चालविणाऱ्याने नोंदणी करावी, दंडाधिकाऱ्याला वाटल्यास त्याने सचोटीचा दाखला द्यावा, खोल्या, ओसऱ्या, गटारे, विहिरी स्वच्छ राखाव्या, सांसर्गिक रोग आढळताच कळवावे, पहारेकरी नेमावे, दरांचा तक्ता लावावा. स्वच्छता आली, सुव्यवस्था आली, पण प्रत्येक प्रवाशाला घेतलेच पाहिजे असे कलम मात्र आले नाही. सामानाच्या बाबतीतही १८७२ च्या करार कायद्याने सौम्य मोजमाप लावले: साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली म्हणजे पुरे. १९२२ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने एका हॉटेलवाल्याची जबाबदारी याच मापाने मोजली.

कायद्यातील ही पोकळी प्रत्यक्षात कशी दिसत होती, याचा एक पुरावा बडोद्यातला आहे, आणि तो पुरावा देणारा साक्षीदार असा आहे की त्याची उलटतपासणी करण्याचे धाडस कोणी करू नये. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिक्षण घेऊन भीमराव आंबेडकर १९१७ साली सयाजीराव महाराजांच्या चाकरीत रुजू होण्यासाठी बडोद्यास आले. शिष्यवृत्तीच्या कराराने ते बांधलेले होते. उतरावयाचे कोठे? शहरात हिंदूंच्या विशी होत्या. तेथे खऱ्या नावाने प्रवेश मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. शेवटी ते एका पारशी विश्रामगृहात गेले. ते फक्त पारशांसाठी होते. रखवालदाराला दुसरे कोणी गिऱ्हाईक नव्हते, पैशाची गरज होती. त्याने तोड काढली की नोंदवहीत पारशी नाव लिहावे. ते लिहिले गेले. मोडक्या बाकांनी आणि खुर्च्यांनी भरलेल्या दिवाणखान्यात, कंदिलाच्या मिणमिणत्या प्रकाशात, पुस्तकांच्या सोबतीने दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी बजावले. ओळखीच्या दोन गृहस्थांकडे आसरा मागून पाहिला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सौम्य शब्दांत असमर्थता सांगितली. मग कमाठी बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास काढले. हे सारे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे.

या हकीकतीत मला त्या रखवालदाराचा विचार अधिक वेळ करावासा वाटतो. तो दुष्ट नव्हता. त्याने जेवण दिले, खोली दिली. सेवा होती, पण ती नोंदवहीतल्या खोट्या नावाला होती, समोरच्या माणसाला नव्हती. विश्रामगृहाचा धर्म काय, हे त्याला कोणी शिकविले नव्हते, आणि काठ्या आल्या तेव्हा पाहुण्याच्या बाजूने उभे राहणे हे आपले काम आहे असे त्याला वाटण्याचे कारणही नव्हते.

पोकळी हळूहळू बुजली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई कायदे कौन्सिलात ठराव झाला की, सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, शाळा आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. महाडचा १९२७ चा सत्याग्रह याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी होता. तळ्याची आठवण राहिली, ठरावातल्या धर्मशाळा मात्र आपण विसरलो. १९५० च्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात उपाहारगृहे आणि हॉटेले नावानिशी आली. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक अपराधांच्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले: हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांत लोकांच्या वापरासाठी ठेवलेली भांडीसुद्धा कोणाला नाकारता येणार नाहीत. कायदे करणाऱ्यांना घरची रीत पक्की माहीत होती. दार उघडून वेगळा पेला पुढे करण्याची युक्ती त्यांनी आधीच ओळखली.

आता कायद्याची धाव येथवरच. दार उघडावयास लावता येते; उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव कलमात बसत नाही. तो शिकवावा लागतो, आणि तो शिकविण्याची खटपट हा या इतिहासाचा दुसरा, अधिक हातघाईचा भाग आहे.

पूर्वी हे शिक्षण भांडी घासण्यापासून गल्ल्यापर्यंत चढत जाई. उडुपीकडून मुंबईस आलेली कितीतरी पोरे याच पायऱ्यांनी मालक झाली. गिरणगावातील खाणावळी चालविणाऱ्या बायांचे शिक्षणही असेच, चुलीपाशी झालेले. त्यांची संघटना १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने बांधणाऱ्या प्रेमा पुरव या गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या, हे आपल्या वाचकांना आवडेल. युरोपातही मार्ग हाच होता. सेझार रिट्झ हा स्वित्झर्लंडमधील एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. ब्रिग गावच्या पहिल्याच नोकरीतून त्याला, तुला या धंद्याची जाण नाही असे म्हणून काढून टाकले होते. त्याच माणसाने १८९८ साली पॅरिसमध्ये आपल्या नावाचे हॉटेल उघडले. त्याच्या आधी पाच वर्षे, १८९३ साली, लोझान येथे जाक चुमी यांच्या पुढाकाराने हॉटेलविद्येची शाळा सुरू झाली होती. धंदा शाळेत शिकविता येतो, ही कल्पना अनेकांना तेव्हा हास्यास्पद वाटली असेल.

अमेरिकेत एल्सवर्थ स्टॅटलर या माणसाने तेराव्या वर्षी हॉटेलात हमाल-पोऱ्या म्हणून काम धरले होते. १९०८ साली बफेलो शहरात त्याने जे हॉटेल काढले त्यात दीड डॉलरपासून खोली, आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह. दोन खोल्यांची स्नानगृहे पाठीला पाठ लावून मधल्या एकाच पोकळीतून नळ नेले, म्हणून ते परवडले. जे श्रीमंतांचे लाड होते ते फिरत्या विक्रेत्याच्या खिशाला झेपू लागले. आपल्या नोकरांसाठी त्याने सेवेचे लेखी नियम केले. नियमांचा मथितार्थ असा की, पाहुण्याशी वाद घालून कोणी जिंकत नसतो. १९२२ साली कॉर्नेल विद्यापीठात हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईत लीलावती मुनशी यांच्या नेतृत्वाखालील अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेने १९५४ साली अशी पहिली संस्था काढली. पुढे दादरचे केटरिंग कॉलेज म्हणून ती सर्वांना परिचित झाली. भांड्यांविषयीचा तो कायदा पुढच्याच वर्षीचा, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

या शाळांत शिकवितात काय? तबक कोणत्या हातावर तोलावे, चादरीचे कोपरे कसे दुमडावे, नोंदणी कशी करावी, हे तर झालेच. पण आपल्या मुलांना त्याहून एक अवघड धडा घ्यावा लागतो, आणि तो म्हणजे घरी शिकलेले काही विसरण्याचा. देवळाच्या महाप्रसादाला पंगतीत वाढणे ही एक विद्याच आहे. मीठ-लिंबू कोठे, भाजी कोणत्या बाजूस, वरण-भातावर तूप कधी, हे चांगल्या वाढप्याला पाठ असते. कोणाचे पान रिकामे झाले हे त्याला न सांगता कळते. ही नजर हॉटेलात सोन्याच्या मोलाची. परंतु पंगतीत आग्रह हा गुण, तर हॉटेलात तो दोष. परक्या माणसाने एकदा नको म्हटले की ते नकोच. तसेच घरी पाहुण्याची विचारपूस करणे हे अगत्य. हॉटेलात तो कोठून आला, कोणाबरोबर आला, का आला, हे न विचारणे हेच अगत्य. आपुलकी ठेवावयाची, पण नाते न विचारता. माझ्या मते सारी विद्या येथे आहे, आणि ती वाटते तितकी सोपी नाही.

या शिक्षणाची कसोटी २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लागली. हे हॉटेल १९०३ सालचे. जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ते बांधले, ही आख्यायिका पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही. तरी ती लोकांना खरी वाटावी इतका तो अनुभव सार्वत्रिक होता. हल्ल्याच्या रात्री तेथील नोकरवर्गाला मागच्या वाटा ठाऊक होत्या. पळून जाणे शक्य असूनही अनेकांनी पाहुण्यांना आधी बाहेर काढले. अकरा कर्मचारी त्यात प्राणास मुकले. पुढे २०११ साली हार्वर्डच्या एका नियतकालिकाने याची कारणे शोधली तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. ही मंडळी मुद्दाम लहान शहरांतून निवडली जात, मुंबईऐवजी पुण्यासारख्या ठिकाणाहून. आणि त्यांना असे शिकविले जाई की तुम्ही कंपनीचे प्रतिनिधी म्हणून पाहुण्यापुढे उभे नाही. पाहुण्याचे प्रतिनिधी म्हणून कंपनीपुढे उभे आहात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर वकीलपत्र पाहुण्याचे. बडोद्याच्या त्या रखवालदारापाशी नेमके हेच वकीलपत्र नव्हते.

याच कंपनीच्या दिल्लीतील हॉटेलाचा एक निर्णयही येथे सांगितला पाहिजे, नाही तर चित्र एकांगी होईल. १९९८ साली एका पाहुण्याने रात्री आपली मोटार आणि किल्ली हॉटेलच्या माणसाकडे सोपविली. ती चोरीस गेली. चिठ्ठीवर जबाबदारी मालकाची असे छापलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरविले की, ताबा हॉटेलकडे दिला गेल्यावर निष्काळजीपणा झाला नाही हे हॉटेलनेच सिद्ध करावयाचे. चिठ्ठीवरील छापील ओळीआड त्याला लपता येणार नाही. १५८४ सालचा घोडा असा चार शतकांनी परत आला.

आपल्या देवस्थानांच्या भक्तनिवासांनी या साऱ्याकडे दुरून पाहण्याचे दिवस संपले आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निवास आणि भोजन या सेवाच आहेत. विनामूल्य असतील तरच त्या कक्षेबाहेर. ज्या अग्रशाळेत दराचा तक्ता लागला आणि पावती फाडली गेली, तेथील चावी देणारा कारकून कायद्याच्या दृष्टीने हॉटेलचा माणूस झाला. वार्षिक सभांच्या इतिवृत्तांत मी कळसाच्या, पालखीच्या आणि नव्या मजल्याच्या खर्चाचे ठराव पुष्कळ वाचले. त्या कारकुनाला काही शिकविण्यासाठी पैसे मंजूर केल्याचा ठराव अजून माझ्या वाचनात आलेला नाही. दोन माणसांना महिनाभर एखाद्या केटरिंग कॉलेजात पाठविण्यास फार खर्च येणार नाही. पुढच्या सभेत कोणी महाजनाने ही सूचना मांडली, तर अनुमोदन देण्यास मी हजर आहे.